वारुळाच्या मातीबाबत आपण गप्प राहिल्याविषयी

प्रति,
मा. श्री. बद्रीनाथ गव्हाणे साहेब,
वनपरिक्षेत्र अधिकारी,
वनपरिक्षेत्र कार्यालय, धावडदरा,
ता. सोयगाव, जि. छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : श्रीमती आवडाबाई कारभारी औताडे, वय साठीच्या पुढे, धंदा शेती व शेळ्या, रा. मौजे धावडदरा.

विषय : आपण स्वतः दौलताबादला येऊन अर्जदाराच्या सुनेला खरे काय ते सांगण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा तोंडी अर्ज, जो आपल्या कार्यालयात कुणी लिहून घेतला नाही.
२) अर्जदाराच्या ओट्यावर आपण आजवर घेतलेला चहा.

महोदय,

१. हा अर्ज ‘भाऊ’ या शब्दाने सुरू करावा, असा अर्जदारांचा आग्रह होता. तहसीलच्या आवारात लिंबाखाली टेबल टाकून बसणाऱ्या या लेखनिकाने त्यांना समजावले, की बाई, साहेबाला अर्जात भाऊ लिहीत नसतात, ते कायद्याला धरून होत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, “इतकी वर्सं माझ्या हातची भाकर खाल्ली तव्हा कायदा कुठं गेलता, वहाबभाई?” बराच वेळ हुज्जत होऊन ‘महोदय’वर तडजोड झाली. बाकी मजकूर त्यांनी सांगितला तसाच, जमेल तेवढ्या सरकारी भाषेत, खाली मांडला आहे. जिथे सरकारी भाषा पुरली नाही तिथे लेखनिकाचा नाइलाज झाला. त्याबद्दल आधीच माफी असावी.

२. हकीकत अशी, की अर्जदार या मौजे धावडदरा येथील कायमच्या रहिवासी आहेत. घर गावाच्या शेवटाला आहे, त्यापुढे जंगल लागते. पती कारभारी हयात नाहीत. मुलगा गोकुळ शेंद्र्याला कंपनीत कामाला आहे. सून तनुजा, तिचे माहेर दौलताबादचे. आपण वनरक्षक म्हणून नव्याने रुजू झालात तेव्हा गावात आपल्या ओळखीचे कुणी नव्हते. एका दुपारी आपण अर्जदारांच्या ओट्यावर बूट काढून बसलात आणि पाणी मागितलेत. अर्जदारांनी पाण्याबरोबर गुळाचा खडा दिला, दुसऱ्या खेपेला भाकर दिली, आणि पुढच्या राखी पौर्णिमेला राखी बांधली. अर्जदारांना पाठचा भाऊ नाही, पुढचाही नाही. आपण म्हणालात, “ताई, मी आहे की.” हे चार शब्द अर्जदारांनी लेखनिकाला आपल्या आवाजात, आपल्या ढंगात म्हणून दाखवले.

आपल्या भागात नागपंचमीच्या आदल्या दिवशी बाया भावासाठी उपवास धरतात, हे आपणास ठाऊक आहेच. अर्जदार तो आधी धरत नसत, धरायचा कुणासाठी? आपण आल्यापासून धरू लागल्या. अंगात ताप असतानाही सोडला नाही. “भाऊ रानात हिंडतो. इच्चू-काट्याचं, जनावराचं भ्या. त्याच्या केसाला धक्का लागू नये.” तो लागला नाही. आपण वनरक्षकाचे वनपाल झालात, वनपालाचे साहेब झालात. त्याचे श्रेय अर्जदार मागत नाहीत, पण कुठेतरी नोंद असावी एवढीच विनंती.

३. आता रस्त्याबद्दल. गावातून वरच्या पाझर तलावाकडे जंगलातून जी वाट जाते ती पावसाळ्यात चिखलाने बंद पडायची. ती पक्की व्हावी म्हणून आपण धडपड केलीत, हे अर्जदार मान्य करतात. घाटाखाली जुन्या बॅटऱ्या वितळवण्याची एक भट्टी होती. आज ती बंद आहे आणि तिचा मालक कुठे आहे ते कुणी सांगत नाही. त्या भट्टीत धातू वितळवून मागे उरलेला काळा खंगर ट्रकने आणून वाटेवर पसरण्यात आला. कागदावर त्याचे नाव मुरूम. फुकट मिळतोय म्हणून आपण खूश, वाट पक्की होतेय म्हणून गाव खूश. पहिल्या ट्रकपुढे गावाने नारळ फोडला, आणि ड्रायव्हरला ओवाळले ते अर्जदारांनी. आपण शेजारी उभे राहून हसत होतात.

ते तबक आठवले की अर्जदारांना अन्न जात नाही. तरीही त्या म्हणतात, की तेव्हा गावाला काही ठाऊक नव्हते आणि बहुतेक आपल्यालाही नव्हते. त्या वेळचा दोष त्या आपल्या पदरात टाकत नाहीत. हे वाक्य दोनदा लिहा म्हणाल्या. लेखनिकाने एकदाच लिहिले आहे, आणि तेही त्याला जड गेले.

४. मागच्या वर्षी पावसाळा सरताना शहरातून माती तपासणारी मंडळी आली. वाटेच्या दोन्ही अंगांची माती त्यांनी पिशव्यांत भरली, चिठ्ठ्या लावल्या. आपण त्यांच्यासोबत होतात. अर्जदारांनी सगळ्यांना चहा केला. मातीत काय निघाले ते गावाला कुणी कळवले नाही आणि गावानेही विचारले नाही. सरकारी माणसे येतात, काहीतरी मोजतात, काहीतरी भरून नेतात. त्यात विचारायचे काय, असा आपल्या लोकांचा समज.

परंतु त्यानंतर आपण बदललात. आपण पाण्याची बाटली घरून आणू लागलात. अर्जदारांनी तांब्या पुढे केला की “आत्ताच प्यालो, ताई.” चहाला ओठ लावून कप खाली ठेवायचा. दरवर्षी लेकरांसाठी रानातल्या सीताफळांची टोपली आपण हक्काने मागून न्यायचात. मागच्या वर्षी ती आपण जीपमध्ये ठेवून घेतलीत, आणि दुसऱ्या दिवशी शेळ्या राखणाऱ्या दगडाबाईला ती पुलाखाली सापडली, फळे जशीच्या तशी. दगडाबाईने ती आणून दाखवली तर अर्जदार तिच्यावरच उखडल्या. “गाडीतून पडली असंल! लोकांच्या भावाबद्दल वंगाळ बोलायची तुला खोडच हाय.”

मनातून मात्र त्यांना लागले. त्यांना वाटले, माणूस मोठा झाला, साहेबी चढली, आता बहिणीच्या तांब्याची लाज वाटते. चुलीपुढे बसून रडल्या, आणि मग स्वतःचीच समजूत घातली, की चढू दे साहेबी, आपलाच भाऊ आहे. साहेब, ती साहेबी असती तर फार बरे झाले असते हो! ती भीती होती. आणि ती आपल्या स्वतःच्या पोटापुरतीच होती, हे अर्जदारांना फार उशिरा कळले.

५. सून तनुजा हिला यंदा दिवस गेले. आधी दोनदा गर्भ राहून पडला होता, त्यामुळे अर्जदार तिला तळहाताच्या फोडासारखे जपत. पाण्याची घागर उचलू देत नव्हत्या, उंबऱ्यावर बसू देत नव्हत्या. डोहाळे लागले ते मातीचे. कुणाला आंबट लागते, कुणाला खारट. औताड्यांच्या घरात माती लागते. गोकुळच्या वेळी अर्जदारांना लागली होती, त्यांच्या सासूलाही लागली होती. घरात ही गोष्ट कौतुकाने सांगतात.

आणि माती वाटेल तिथली देत नाहीत. शेतातली नको, तिच्यावर फवारे पडतात. अंगणातली नको, ती पायाखालची. माती द्यायची ती रानातल्या वारुळाची, वाळवीने कणकण निवडून रचलेली, जिच्यापुढे नागपंचमीला हळदीकुंकू वाहतात ती. घरी आणून बारीक करायची, तव्यावर भाजायची, खमंग वास सुटला की चिमूटभर द्यायची. अर्जदारांनी दिली. वारूळ आपल्या त्याच वाटेच्या कडेला आहे. रस्ता झाल्यापासून ते चांगले कमरेएवढे वाढले, तेव्हा अर्जदारांना वाटले नागदेवता रस्त्यावर प्रसन्न आहे. आता कळते, की वाळवी बिचारी जे शेजारी सापडेल त्यातूनच घर बांधते. मुरूम कोणता अन् खंगर कोणता, हे तिला कुणी सांगितले नव्हते आणि अर्जदारांनाही कुणी सांगितले नव्हते.

६. यंदाच्या नागपंचमीचा दिवस. हा परिच्छेद आपण घाईने वाचू नये, अशी अर्जदारांची विनंती आहे.

आपण सकाळी आलात. आदल्या दिवशीचा उपवास अर्जदारांनी नुकताच सोडला होता. पुरणाची दिंडं उकडून ठेवली होती. त्या दिवशी तवा ठेवत नाहीत, तरी सुनेच्या डोहाळ्यापायी चुलीवर तवा होता आणि तव्यावर माती. तनुजा भिंतीला टेकून, लहान पोरीसारखा तळहात पुढे करून बसली होती. अर्जदार आपल्याला चिडवत म्हणाल्या, “या मामा! भाचा असो का भाची, काय आणनार ते आत्ताच सांगून ठिवा. मागून साहेबलोकाला येळ नसतो.” आपण हसलात. मग आपली नजर तव्यावर गेली.

आपण विचारलेत, “ही कुठली माती, ताई?”

अर्जदार म्हणाल्या, “आपल्या वारुळाची. दुसरी कुठली आणू?”

आपण टोपी काढलीत आणि पुन्हा घातलीत. अर्जदारांना ते स्वच्छ आठवते, कारण टोपीखाली आपले केस पांढरे झालेत हे त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले आणि त्यांना आपली कीव आली. मग आपण म्हणालात, “जास्त खाऊ नये म्हणतात.” अर्जदार खळखळून हसल्या. “घ्या! बाळातपन आता हे मला शिकवनार! घरी जाऊन बायकोला इचारा, तिनं काय काय खाल्लंय ते.” तनुजाही हसली. तेवढ्यात आपण खिशातून फोन काढलात, कानाला लावलात आणि बोलत बोलत जीपमध्ये जाऊन बसलात. दिंडं ताटात तशीच राहिली. आपली पाण्याची बाटलीही ओट्यावर राहिली.

लेखनिकाने इथे विचारले, की बाई, फोन खरंच वाजला होता का? अर्जदार पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “वाजलेला मला आयकू नाय आला. पन माझे कान आता पयल्यासारखे नायत. आसंच लिव्हा.” तसेच लिहिले आहे.

साहेब, ‘जास्त खाऊ नये’ हे माणूस मिरचीबद्दल बोलतो. अर्जदारांचे सगळे म्हणणे या एका वाक्यात येते; पण विषयात ते घेता आले नाही.

७. सातव्या महिन्यात तनुजाला चक्कर येऊ लागली, पोटात मुरडा, हातापायांना मुंग्या. गोकुळने तिला शहरात मोठ्या दवाखान्यात नेले, अर्जदार सोबत होत्या. तिथल्या डॉक्टर लुबना मॅडमनी रक्त तपासले आणि सांगितले, की रक्तात शिसे आहे. घरी जुन्या बॅटऱ्या फोडता का? नाही. रंगकाम केले? नाही. कुठला वैदू, कुठले भस्म? नाही. मग मॅडमनी विचारले, ही माती खाते का?

या प्रश्नावर अर्जदार पुढे सरसावल्या. मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या, “खाती की! पन आमची माती लई चोख हाय, म्याडम. रानातली. ना खत, ना फवारा. मी माझ्या हातानं भाजून देती.”

मॅडमनी पेन खाली ठेवले. तनुजाने मान वळवून सासूकडे पाहिले. ते पाहणे कसे होते तेही अर्जात यावे, असा अर्जदारांचा आग्रह होता. लेखनिकाला ते लिहिता आले नाही.

मॅडमनी समजावून सांगितले, की भाजल्याने शिसे जळत नाही, आईच्या रक्तातून ते बाळापर्यंत जाते. बाळ अंगाने बारीक आहे. डोक्यावर किती परिणाम झाला ते जन्मल्यावर, वाढताना कळेल. माती आजपासून बंद, दूध आणि गोळ्या चालू, आणि देवाचे नाव घ्या. अर्जदार देवाचे नाव घेऊ लागल्या तर त्यांच्या तोंडी नागोबाच आला, आणि त्या तिथेच फरशीवर बसल्या.

८. गोकुळने गावी येऊन चौकशी केली. आपल्याकडचा वनमजूर सोमनाथ हा त्याच्या वर्गातला. सोमनाथने आधी टाळाटाळ केली, मग डोळ्यांत पाणी आणून सांगितले, की साहेबांनी आम्हा कामावरच्या लोकांना मागल्या वर्षी दिवाळीतच बजावलं होतं : त्या वाटेचं पान-फळ तोंडात घालू नका, तिथल्या झऱ्याचं पाणी पिऊ नका. “पन गावात बोंब नको म्हणले. वरून चौकशी लागंल, मुरमाच्या कागदावर माझी सही हाय म्हणले.”

हे गोकुळने घरी येऊन आईला सांगितले, तर आईने पोराच्या मुस्काटात दिली. चाळिशीला टेकलेला पोरगा. “मामाबद्दल खोटं बोलतो? तुझ्या जिभंला हाड हाय का नाय?” गोकुळ गाल चोळत उभा राहिला. ओट्यावरच्या कोनाड्यात आपली बाटली ठेवलेली होती, साहेब परत आले की द्यायची म्हणून अर्जदारांनी पुसून ठेवली होती. तिच्याकडे त्यांची नजर गेली. मग त्यांना ते ‘आत्ताच प्यालो, ताई’ आठवले, कपातला चहा आठवला, पुलाखालची टोपली आठवली. त्यांनी दगडाबाईच्या घरी जाऊन तिचे पाय धरले.

९. तनुजाचे वडील साहेबराव यांचा दौलताबादला किल्ल्याखाली पेरूचा गाडा आहे. ते येऊन लेकीला घेऊन गेले. जाताना भर गल्लीत म्हणाले, की आमच्या पोरीला सासूनं घास घास करून विष चारलं. गाव ऐकत होते. त्यात खोटे काय होते? चारले ते त्यांनीच. पण पुढे तनुजा जे बोलली, त्यासाठीच हा अर्ज आहे.

तनुजा म्हणाली, “साहेबाला ठाव व्हतं, तर सासूबाईंनाबी ठाव असनार. भाऊ बहिनीला सांगत नाय व्हय?”

साहेब, सांगा, याला काय उत्तर द्यायचे? तिचे काय चुकले? जगात असेच असते. भाऊ बहिणीला सांगतो. ज्या नात्यावर अर्जदारांनी गावात मान वर करून मिरवले, त्याच नात्याने त्या आज गुन्हेगार ठरल्या आहेत. आपण परके असता, आपली बदली होऊन कालच कुणी नवीन साहेब आला असता, तर अर्जदार सुटल्या असत्या.

आता तनुजाला नववा महिना आहे. अर्जदारांनी दवाखान्यात सांगितले तसे खजूर-शेंगदाण्याचे लाडू करून गोकुळबरोबर पाठवले. दुकानातून आणलेले शेंगदाणे, दुकानातला गूळ, रानातले काही नाही. लाडू परत आले. तनुजाने निरोप दिला आहे, की बाळ धावडदऱ्याला येणार नाही आणि त्याची आजी त्याला हात लावणार नाही. मॅडम सांगतात, तिला खायला घाला. आणि अर्जदारांच्या हातचे खायला ती तयार नाही. तिला अजून रात्री मातीची आठवण होते, असे गोकुळ सांगतो. ती कुणाजवळ बोलणार? अशा वेळी जिच्याजवळ बोलायचे ती सासू दाराबाहेर उभी आहे.

१०. अर्जदार याबाबत आपल्या कार्यालयात येऊन गेल्या. आपण आत असून साहेब दौऱ्यावर आहेत असे सांगण्यात आले. जीप दारात उभी होती. दौरा पायी असावा. तेथील बाबूने विचारले, बाई, नेमके काय हवे? नुकसानभरपाईचा अर्ज आहे तो वाघ, बिबट्या, रानडुक्कर, रोही यांच्यासाठी. माणसाला मातीने खाल्ल्याचा रकाना त्यात नाही. वारूळ आहे म्हणता तर साप लिहा, पण मग दंशाची खूण लागेल. अर्जदारांनी सांगितले, मला भरपाई नको. तेव्हा बाबू गंभीर झाला आणि म्हणाला, मग हळू बोला, कारण राखीव जंगलातली माती हे वनउपज आहे, ती विनापरवाना नेणे हा गुन्हा आहे, उलट तुमच्यावरच केस होईल.

त्याप्रमाणे अर्जदार या अर्जाद्वारे गुन्हा कबूल करतात. माती त्यांनी नेली. पदरात बांधून, हळदीकुंकू वाहून, भर दिवसा नेली, आणि ती तव्यावर असताना वनाचा साहेब समोर उभा होता. केस करावी. परंतु चोर विहिरीत उतरताना दिसला, तरी काठावरचा माणूस ओरडतो, की बाबा, आत नाग आहे. मग पकडतो.

भाऊबिजेलाही आपण आला नाहीत. अर्जदारांनी ताट करून ठेवले होते हे त्यांनी लेखनिकाला सांगितले आणि लगेच म्हणाल्या, हे अर्जात घालू नका. घातले आहे.

११. सबब विनंती अशी, की बाळंतपणाआधी आपण दौलताबादला साहेबरावांच्या घरी यावे. जीप नको, गणवेश नको, सोबत बाबू नको. साहेबराव शिव्या देतील, त्या ऐकून घ्याव्यात. आपल्या वाटच्या पुष्कळशा अर्जदारांनी आधीच ऐकून संपवल्या आहेत. मग तनुजासमोर बसून एवढेच म्हणावे, की ताईला ठाऊक नव्हते, मला होते. यापुढे एक अक्षर बोलावे लागणार नाही. सही कुठे करावी लागणार नाही. चौकशी, मुरूम, भट्टी, वरचे साहेब, हे ज्याचे त्याने बघावे. गोकुळ त्यासाठी वेगळा अर्ज करणार आहे आणि तो ‘महोदय’ शब्दानेच सुरू होईल.

दुसरे असे, की त्या वारुळापाशी एक पाटी लावावी. मराठीत लावावी, ठळक लावावी. गावात अजून तिघी पोटुशी आहेत. पाटी लागेपर्यंत अर्जदार स्वतः रोज सकाळी त्या वाटेवर जाऊन बसतात आणि टोपली घेऊन येणाऱ्या बाईला परत पाठवतात. बाया म्हणतात, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. अर्जदार म्हणतात, म्हणू द्या, पण माघारी फिरा.

या विनंतीचा विचार न झाल्यास अर्जदार उपोषणास बसतील, असे लेखनिकाने रिवाजाप्रमाणे लिहायला घेतले होते. त्यांनी हात धरला. म्हणाल्या, “त्याच्यासाठी लई उपास केले. आता एक बी नाय.” तेव्हा ती ओळ खोडली आहे. विचार न झाल्यास अर्जदार काहीही करणार नाहीत. त्या वारुळापाशी बसून राहतील आणि त्यांचे नातवंड दौलताबादला वाढेल.

इथवर वाचल्याबद्दल आभार मानायची पद्धत आहे. ते आपण आल्यावर मानले जातील.

कालपर्यंत आपली बहीण,

(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)
आवडाबाई कारभारी औताडे

दिनांक : १० नोव्हेंबर २०२५
ठिकाण : सोयगाव
लेखनिक : अब्दुल वहाब. मजकूर अर्जदारांना दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी त्यांनी ‘साहेब’ शब्द आला की दर वेळी मान खाली घातली.

सोबत :

१) सून तनुजा हिच्या रक्त तपासणीची झेरॉक्स.

२) आपली पाण्याची बाटली, नागपंचमीला ओट्यावर राहिलेली. निम्मी भरलेली आहे. अर्जदारांनी झाकण उघडलेले नाही.

३) वारुळाची माती, मूठभर, दुहेरी फडक्यात बांधलेली, तपासून घेण्यासाठी. ही पुरचुंडी उघडू नये. उघडावी लागली तर हात साबणाने धुवावेत, तोंडाला लावू नयेत. जेवणाच्या डब्याशेजारी ठेवू नये. हिच्यात शिसे आहे. कार्यालयातून ती घरी नेऊ नये. आपल्या घरात लेकरं आहेत, म्हणून हे अर्जदारांनी आठवणीने लिहायला सांगितले आहे.